पोटात गेलं म्हणजे अंगात गेलं का?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने औषधांवर का बोलावं? प्रश्न रास्त आहे. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते फक्त प्रबंधामुळे; आमच्या पदवीने आजवर कुणाचा साधा खोकलाही बरा झालेला नाही. तेव्हा आज आम्ही वैद्यकीय सल्ला देणार नाही. आपण बोलणार आहोत ते एका ज्ञानाच्या इतिहासाबद्दल. तोंडाने घेतलेलं औषध शरीरात नेमकं कुठून शिरतं, हे माणसाला कसं कळलं आणि कळता कळता तो कुठे फसला, एवढाच विषय.

हा विषय निवडायला घरचं एक कारण आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, त्यांना कंपवात झाला होता, पार्किन्सन्स. औषध चालू होतं. पण तीच गोळी, तोच माणूस, तेच घर. सकाळी गोळी लागू पडायची आणि दुपारी पडायची नाही. दुपारी जेवून उठायची वेळ झाली, की दादा पाटावर खिळल्यासारखे बसून राहायचे. असं का व्हायचं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ती गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती समजायला मधला सगळा इतिहास लागतो.

आत आणि बाहेर

आपण म्हणतो, ‘औषध पोटात गेलं.’ आणि मनात धरून चालतो, की औषध अंगात गेलं. ही दोन वाक्यं एक नाहीत. मेदूवडा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मधल्या भोकात बोट घातलं, तर बोट वड्याच्या आत गेलं का? नाही गेलं. ते वड्याच्या मधून गेलं. आपलं शरीरही असंच आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांबलचक नळी आहे आणि त्या नळीतली पोकळी, काटेकोरपणे बोलायचं तर, शरीराच्या बाहेर आहे. लहान मूल चुकून नाणं गिळतं आणि दोन दिवसांनी ते नाणं जसंच्या तसं बाहेर पडतं. नाणं पोटात होतं, अंगात कधीच नव्हतं.

म्हणजे गिळलेल्या औषधाला अंगात शिरायचं, तर नळीची भिंत ओलांडावी लागते. याला शोषण म्हणतात. ही भिंत सगळीकडे सारखी नाही. जठरात ती एका प्रकारची, लहान आतड्यात दुसऱ्या, मोठ्या आतड्यात तिसऱ्या. मग औषध कुठली भिंत ओलांडतं?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात विचारला गेला होता. सुश्रुतसंहितेत औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत: रिकाम्या पोटी, जेवणाआधी, जेवणानंतर, जेवणाच्या मध्ये, घासाबरोबर, दोन घासांच्या मध्ये, असे. औषधाचा आणि अन्नाचा संबंध वेळेशी आहे, हे निरीक्षण त्यात पक्कं आहे. त्यामागची उपपत्ती मात्र दोषांची आहे, भिंतीची नाही. तेव्हा ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं म्हणायचा मोह आपण टाळू. प्रश्न जुना होता, उत्तर नवं आहे.

विष खाल्लं तरी मरत नाही

भिंतीचा पहिला स्पष्ट पुरावा आला तो एका विषातून. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी शिकारी बाणांना वनस्पतींचं विष लावत. त्याचं नाव क्युरारे. बाण लागला, की जनावराचे स्नायू लुळे पडायचे, श्वास थांबायचा आणि ते मरायचं. आणि मग शिकारी ते मांस खुशाल खायचे. त्यांना काही व्हायचं नाही.

जर्मन प्रवासी आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०० साली ओरिनोकोकाठच्या एस्मेराल्डा या वस्तीवर गेला, तेव्हा त्याने हे विष तयार होताना पाहिलं आणि चवही घेतली. कडू लागतं, असं त्याने लिहून ठेवलं. ओठाला किंवा हिरडीला जखम नसेल तर धोका नाही, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. हे ज्ञान प्रयोगशाळेतून जंगलात गेलेलं नाही. जंगलातून प्रयोगशाळेत आलं.

पुढे पॅरिसमध्ये क्लोद बेर्नारने हा धागा उचलला. रक्तात मारणारं विष पोटात निरुपद्रवी का? सुचणारं सोपं उत्तर असं, की जठररस त्याचा नाश करत असेल. बेर्नारने ते तपासलं. जठररसात मिसळलेलं क्युरारे त्याने जनावराच्या त्वचेखाली टोचलं, तर ते तितकंच मारक ठरलं. म्हणजे विष पोटात मरत नव्हतं. ते शाबूत राहून भिंतीशी अडत होतं.

याचं रासायनिक कारण विसाव्या शतकात कळलं. क्युरारेतलं मुख्य द्रव्य, ट्युबोक्युरारिन, याच्या रेणूवर कायमचा धन विद्युतप्रभार असतो आणि असा प्रभारित रेणू पेशींच्या मेदाच्या आवरणातून सहज जाऊ शकत नाही. हेच द्रव्य १९४२ पासून शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला वापरू लागले, तेही शिरेतूनच. त्याची गोळी करून उपयोग नव्हता.

बंदुकीच्या गोळीने उघडलेली खिडकी

भिंत आहे हे कळलं. पण जिवंत माणसाच्या पोटात डोकावणार कसं? १८२२ साली एका अपघाताने ती सोय झाली. ‘सोय’ हा शब्द वापरताना आमची जीभ अडखळते, तरी वापरतो, कारण झालं ते तसंच झालं.

६ जून १८२२. अमेरिकेतलं मॅकिनॅक बेट. फरांच्या कंपनीत काम करणारा अलेक्सी सेंट मार्टिन नावाचा फ्रेंच-कॅनेडियन तरुण दुकानात उभा होता. जवळून बंदूक उडाली आणि छर्‍यांनी त्याची डावी कूस फाडली. लष्करी छावणीचा डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने त्याला जगवलं. पण जखम भरताना एक विलक्षण गोष्ट झाली. जठराच्या भोकाची कड बाहेरच्या कातडीला चिकटून बरी झाली आणि पोटावर कायमचं एक छिद्र राहिलं. त्यातून थेट जठरात पाहता येत होतं.

१८२५ मध्ये ब्यूमाँटने प्रयोग सुरू केले. रेशमी दोऱ्याला मांसाचा, पावाचा, कोबीचा तुकडा बांधून तो छिद्रातून जठरात सोडायचा आणि तासातासाने ओढून बघायचं. १८३३ साली त्याने पुस्तक छापलं. त्यात दोनशेच्या वर प्रयोग आहेत. कुठला पदार्थ जठरात किती वेळ लागतो याचं कोष्टकही आहे. शिजवलेला भात: एक तास. भाजलेलं डुकराचं मांस: सव्वापाच तास. हा फरक ध्यानात ठेवा. जठर हे नुसतं पातेलं नाही. माल पुढे कधी सोडायचा हे ठरवणारं ते एक नाकं आहे. ब्यूमाँटच्या कोष्टकात ही गोष्ट दिसत होती. औषधांच्या बाबतीत तिचा अर्थ कळायला पुढे एकशेचाळीस वर्षं गेली.

आणि सेंट मार्टिन? तो ब्यूमाँटच्या घरी गडी म्हणून राबायचा आणि प्रयोगासाठी उपाशीही राहायचा. १८३२ साली दोघांत करार झाला: वर्षाला १५० डॉलर आणि राहणं-खाणं. तो अनेकदा गावी निघून गेला, पुन्हा बोलावला गेला, शेवटी गेला तो परत आलाच नाही. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांना त्याचं जठर हवं होतं. घरच्यांनी देह कुजेपर्यंत ठेवून मग खूप खोल पुरला, कुणी उकरू नये म्हणून. ज्ञानाच्या इतिहासात ब्यूमाँटचं नाव ठळक अक्षरांत असतं. आम्हाला वाटतं, त्या कुटुंबाने खणलेला खड्डाही त्या इतिहासाचाच भाग आहे. ‘आता पुरे’ हे सांगायचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नव्हता.

एक देखणा सिद्धान्त

आता सिद्धान्ताकडे येऊ. १८९० च्या दशकात झ्युरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन वनस्पतींच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत ठेवून बघत होता. शेकडो पदार्थ तपासल्यावर त्याला दिसलं, की जे तेलात चांगलं विरघळतं ते पेशीत झटकन शिरतं. त्यावरून त्याने अनुमान केलं, की पेशीचं आवरण मेदासारख्या द्रव्याचं असलं पाहिजे. आवरण कुणी पाहिलेलं नव्हतं. धुरावरून अग्नी म्हणतात, तसं हे अनुमान, आणि ते खरं ठरलं.

सुमारे साठ वर्षांनी अमेरिकेत बेथेस्डा इथे बर्नार्ड ब्रोडी आणि त्याचे सहकारी शोअर, शँकर, हॉग्बेन यांनी हाच विचार औषधांना लावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बहुतेक औषधं ही सौम्य आम्लं किंवा सौम्य आम्लारी असतात. भोवतालच्या द्रवाचा सामू, म्हणजे ज्याला डॉक्टर पीएच म्हणतात तो, जसा बदलेल, तसा त्या रेणूंवर प्रभार येतो किंवा जातो. प्रभार नसलेला रेणू मेदाच्या भिंतीतून जातो, प्रभारित रेणू अडतो. जठर अत्यंत आम्ल आहे. तिथे ॲस्पिरिनसारखं आम्ल जवळजवळ सगळं प्रभाररहित राहतं. आतड्यात आम्लता कमी होते, तिथे त्याच ॲस्पिरिनवर प्रभार येतो. आकडा सांगायचा तर, जठरात शंभर रेणूंमागे एखादाच प्रभारित असतो. आतड्यात उलट: हजारात एखादाच प्रभाररहित.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ होता. आम्ल औषधं जठरातून शोषली जावीत, आम्लारी औषधं आतड्यातून. १९५७ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले. कुत्र्यांना शिरेतून आम्लारी औषधं दिली, तर ती रक्तातून उलट जठररसात येऊन साठली, सिद्धान्ताने सांगितलं होतं तशीच. उंदरांच्या जठरात औषधं घालून तासाभराने पाहिलं, तर आम्लं कमी झाली होती, आम्लारी तशीच होती. एकाच साध्या नियमात इतकं सगळं बसतं, तेव्हा माणूस हरखतो. पाठ्यपुस्तकं हरखली. ‘ॲस्पिरिन जठरात शोषलं जातं’ हे वाक्य पुढे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांनी पाठ केलं. काही अजूनही करतात.

दार लावून विचारलेला प्रश्न

यात चूक कुठे होती? आमच्या मते हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

उंदरांच्या त्या प्रयोगात जठराची पुढची वाट दोऱ्याने बांधून बंद केलेली होती. तसं करणं भागच होतं, नाहीतर औषध पुढे निसटलं असतं आणि मोजता आलं नसतं. पण वाट बंद केल्यावर आपण विचारतो तो प्रश्न असा होतो: जठरातून शोषण होऊ शकतं का? उत्तर: हो, होऊ शकतं. मात्र आपल्याला हवा असलेला प्रश्न वेगळा असतो: वाट उघडी असताना, रोजच्या जगण्यात, औषध बहुतेक कुठे शोषलं जातं? पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलं, की खऱ्याचं खोटं होतं. ब्रोडींचा नियम चुकीचा नव्हता. त्यांच्याच गटाने लहान आतड्याचेही प्रयोग केले होते. इतरांनी मात्र तो नियम वाचला तो दार बंद धरून.

उघड्या दाराचा हिशेब असा आहे. जठराचा आतला पृष्ठभाग फार नाही, एका चौरस मीटरच्या आतच. लहान आतडं पाच-सहा मीटर लांब, त्याला आतून घड्या, घड्यांवर मखमलीसारखे बारीक उंचवटे आणि त्यांतल्या प्रत्येक पेशीवर आणखी सूक्ष्म केस. जुनी पुस्तकं सांगत, की हे सगळं उलगडून पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल. २०१४ साली स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या हेलँडर आणि फँड्रिक्स यांनी नव्याने मोजलं आणि सांगितलं, की एवढं नाही: तीस-बत्तीस चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट. ज्या पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी या खेळाचे नियम बसवले आणि ज्या खेळाला एके काळी ‘पूना’ असंच म्हणत, तिथल्या श्रोत्यांना हे माप चटकन समजावं. टेनिसवरून बॅडमिंटनवर आलो, तरी जठराच्या मानाने ते प्रचंडच.

तेव्हा लहान आतड्यात ॲस्पिरिनचा हजारात एखादाच रेणू मोकळा असला, तरी काम भागतं. मोकळा रेणू आत गेला, की समतोल राखायला दुसरा मोकळा होतो, तोही जातो. दरवाजे अरुंद, पण लाखो. जठरात दरवाजा रुंद, पण एकच. गर्दी कुठे लवकर ओसरेल, हे आपल्याला एस.टी. स्टँडवरही कळतं.

आणि पुरावा? १९७३ साली एडिंबरामध्ये हेडिंग, निम्मो आणि प्रेस्कॉट यांनी पॅरासिटामॉल घेतलं, आपल्या घरातली क्रोसिन. या औषधाची गंमत अशी, की जठरात काय किंवा आतड्यात काय, ते जवळजवळ सगळं प्रभाररहितच असतं. म्हणजे ब्रोडींच्या नियमाने जठरातून सहज शोषलं जायला हवं. या मंडळींनी प्रत्येक माणसाचं जठर किती वेगाने रिकामं होतं ते मोजलं आणि रक्तात औषध कधी वर येतं तेही मोजलं. दोन्ही जोडीने चालत होती. जठर लवकर रिकामं झालं, तर औषध लवकर रक्तात. जठर रेंगाळलं, तर औषधही रेंगाळलं. जठराची गती मंदावणारं दुसरं औषध दिल्यावर पॅरासिटामॉल उशिरा आलं, गती वाढवणारं दिल्यावर लवकर. म्हणजे जठराने औषध घेतलं नव्हतं. अडवलं किंवा सोडलं होतं. तिथे शोषणाचं काम फारसं होत नाही. तिथे वेळ ठरते.

यातला एक योगायोग सांगायलाच हवा. पॅरासिटामॉलचं महत्त्व १९४८ साली नव्याने दाखवून देणारे दोघे होते ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि हेच बर्नार्ड ब्रोडी. त्यांनी जगापुढे आणलेल्या औषधानेच त्यांच्या नियमाची हद्द दाखवली.

मोठं आतडं, आणि भिंतीपलीकडचं यकृत

आतापर्यंत आपण शोषण ही चांगली गोष्ट धरली. पण कधी कधी औषध शोषलं जाऊ नये, अशीच गरज असते. मोठ्या आतड्याला सूज आली, व्रण झाले, तर औषध तिथेच पोचायला हवं. वरच लहान आतड्याने ते उचललं, तर खाली काय उरणार?

१९४० च्या सुमारास स्टॉकहोममध्ये नन्ना स्वार्ट्झ या प्राध्यापक बाईंनी सल्फासॅलाझिन हे औषध वापरात आणलं. उद्देश सांधेदुखीचा होता; उपयोग आतड्याच्या रोगातही दिसला. दोन द्रव्यं एका रासायनिक दुव्याने जोडलेली होती. यातलं काम करणारं कोणतं? हा प्रश्न १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये सुटला, आणि तो सोडवणाऱ्यांत बांगलादेशातून तिथे संशोधनाला गेलेले ए. के. आझाद खान हे डॉक्टर होते. त्यांनी तिन्ही गोष्टी, म्हणजे जोड औषध आणि सुटे दोन्ही घटक, बस्तीवाटे थेट मोठ्या आतड्यात दिल्या. सॅलिसिलेटकडचा भाग कामाचा निघाला, सल्फाकडचा नुसता वाहक. तो दुवा तोडतात मोठ्या आतड्यातले जिवाणू. म्हणजे वर जोडी शाबूत राहते म्हणून फारशी शोषली जात नाही आणि खाली जिवाणू कुलूप उघडतात. आपल्या पोटातल्या त्या बिनभाड्याच्या भाडेकरूंचा औषधशास्त्रातला हा मान.

गोळीवर लेप देऊन तिला जठरातून सुखरूप पुढे पाठवायची कल्पना त्याहून जुनी. हॅम्बुर्गच्या पाउल उन्नाने १८८४ सालीच गोळ्यांना केराटिनचा, म्हणजे नखा-केसांत असणाऱ्या द्रव्याचा, लेप दिला होता. आज हृदयरोग्यांना मिळणाऱ्या लेप दिलेल्या ॲस्पिरिनच्या गोळीचं मूळ तिथे आहे. अशा गोळ्या फोडून-कुटून का देऊ नयेत, हेही त्यातूनच कळतं.

आणि भिंत ओलांडली तरी संपत नाही. जठर-आतड्यांचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृताकडे जातं. तिथे पुष्कळ औषधं मोडली जातात. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली का ठेवतात? तोंडातल्या शिरांचं रक्त यकृताला वळसा घालून जातं, म्हणून. आतड्याची भिंतही नुसती भिंत नाही. तिच्यातही औषध मोडणारी विकरं आहेत. हे कळलं ते अपघाताने. १९८९ च्या सुमारास कॅनडात डेव्हिड बेली रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा परिणाम पाहत होते आणि मद्याची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेलं. दोषी मद्य नव्हतं, रस होता. त्याने आतड्यातलं ते विकर निकामी केलं होतं.

दादांची दुपार

आता घरच्या गोष्टीकडे येतो.

कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत जात नाही, म्हणून त्याची आधीची पायरी, लेव्होडोपा, देतात. हे द्रव्य १९१३ साली बाझेलमध्ये मार्कुस गुग्गेनहाइमने घेवड्याच्या कुळातल्या एका शेंगेतून वेगळं काढलं. त्याने अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं आणि त्याला ओकारी झाली. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच आपल्या खाजकुयलीच्या बियांतून काढलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत डोपा तोंडाने देऊन रुग्णांना अक्षरशः उठवलं.

लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. ते ना जठरात प्रभाररहित असतं, ना आतड्यात. म्हणजे ब्रोडींच्या वाटेने त्याला प्रवेश नाही. लहान आतड्याच्या वरच्या भागात अमिनो आम्लांना उचलून आत नेणारे वाहक आहेत, त्यांच्या खांद्यावर बसून ते जातं. वाहक मोजके. जेवणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही त्याच रांगेत. रक्तातून मेंदूत जाताना पुन्हा तशीच रांग. आणि जठरात अडकून पडलं, तर जठराच्या भिंतीतली विकरं ते तिथेच मोडू लागतात. काही रुग्णांना लेव्होडोपा लागू पडत नाही त्याचं कारण रेंगाळणारं जठर असू शकतं, हे १९७० सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या नट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शिरेतून सलग औषध चालू असताना, म्हणजे आतड्याचा प्रश्नच नसताना, प्रथिनयुक्त जेवणाने रुग्णाची हालचाल पुन्हा थबकते.

आम्ही काय करत होतो? सुरुवातीला दादांना गोळीने मळमळायचं. तेव्हा सांगितलं गेलं होतं, ‘थोडं काहीतरी खाऊन घ्या.’ सल्ला त्या वेळेपुरता बरोबर होता. पण आमच्या घरात ‘रिकाम्या पोटी औषध घेऊ नये’ हा कुळाचार. ‘थोडं काहीतरी’चं हळूहळू ‘पोटभर जेवून’ झालं. सकाळची गोळी चहा-बिस्किटावर, ती चालायची. दुपारची मात्र वरण, मटकीची उसळ, वाटीभर दही खाऊन झाल्यावर. वहिनी मुद्दाम दही वाढायच्या, अशक्तपणा जावा म्हणून. पुढे चिठ्ठीवर ‘जेवणाआधी’ असं स्पष्ट आलं होतं. ते आम्ही वाचलं आणि कुळाचारापुढे विसरलो.

गोळी लागू पडेना, तेव्हा आम्ही अनुमान केलं: औषध जुनं झालं, डॉक्टर बदला. पन्नास वर्षं वर्गात हेत्वाभास शिकवले, आणि घरात स्वतःच एक करून बसलो. चारचौघांत खिळून बसायची लाज वाटून दादांनी पंगतीत बसणं सोडलं. आतल्या खोलीत ताट मागवायचे. दोन वर्षं असं चाललं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या एका मुलीने एके दिवशी सहज विचारलं, “आजोबा, दुपारची गोळी कशावर घेता?” एवढाच प्रश्न. त्यानंतर डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाआधी पाऊण तास पाण्याबरोबर घ्यायची, असं ठरलं आणि डाळ-दह्याचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात गेला. चमत्कार झाला नाही. रोग त्याच्या वाटेने पुढे गेलाच. पण दादांना दुपार परत मिळाली. ते पुन्हा पंगतीत येऊन बसले आणि जेवून स्वतःच्या पायांनी उठून हात धुवायला गेले. पुढची तीन वर्षं बरेचसे दिवस तसे गेले. आता ते नाहीत.

यावरून घरी कुणी गोळ्यांच्या वेळा परस्पर बदलू नका. काही औषधं जेवणाबरोबरच चांगली शोषली जातात, काहींनी रिकाम्या पोटी इजा होते. कंपवाताच्या रुग्णाचं वरण तोडू नका. प्रथिनं त्यालाही लागतात. आमचं सांगणं इतकंच, की डॉक्टरांना आणि औषधांच्या दुकानात हा प्रश्न जरूर विचारा: ही गोळी जेवणाआधी, जेवणाबरोबर, की जेवणानंतर, आणि का? त्यातलं ‘का’ विसरू नका. ‘का’ ठाऊक असतं, तर ‘थोडं काहीतरी’चं ‘पोटभर’ झालं नसतं.

शिकारी, बेर्नार, सेंट मार्टिन, ब्रोडी, एडिंबराची मंडळी या सगळ्यांनी मिळून आपल्याला जे दिलं ते एका वाक्यात मावतं: औषध पोटात जाणं आणि अंगात जाणं यांच्यामध्ये एक वाट आहे आणि त्या वाटेला वेळ आहे. आम्हाला ते पुस्तकातून कळायला हवं होतं. कळलं ते दादांच्या ताटावरून.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.